पाचारण, व्रतं आणि शाळेतली मिस्सा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅथलिक मुलांच्या हायस्कूलमध्ये धर्मशिक्षणाचा तास संपला की खरे प्रश्न सुरू होतात. वर्गात हात वर करून कुणी विचारत नाही. सगळे गेल्यावर दाराशी घुटमळत, दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत विचारतात. पालक विचारतात ते प्रगतिपुस्तकावर सही करून झाल्यावर, खुर्चीतून उठता उठता. असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिणारा धर्मगुरू नाही, संसारी शिक्षक आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. प्रश्न मुलाचा असेल तिथे उत्तर मुलाला दिलं आहे, पालकांचा असेल तिथे पालकांना.

शाळेतलं ‘धार्मिक जीवन’ म्हणजे नक्की काय काय?

वेळापत्रकातलं सांगायचं तर सकाळची प्रार्थना, धर्मशिक्षणाचे तास, ठरलेल्या दिवशी आणि सणांना मिस्सा (भाकर आणि द्राक्षारस अर्पण करायची सामूहिक उपासना), उपवासकाळात क्रूसाची वाट (ख्रिस्ताच्या दुःखसहनाची प्रार्थना), ऑक्टोबरात जपमाळ, वर्षातून एकदा रिट्रीट (एकांत आणि प्रार्थनेचे दिवस) आणि काही ना काही सेवेचं काम. वेदीसेवक, वाचक आणि गायनवृंद यांचा सराव बहुधा शाळा सुटल्यावर होतो.

पण माझ्या मते शाळेचं धार्मिक जीवन मोजायचं असेल तर मधल्या सुट्टीत चॅपलचं दार उघडं असतं का, ते बघावं. परीक्षेच्या आठवड्यात एक मुलगा धावत येतो, घामेजलेला, शर्ट बाहेर आलेला. गुडघा अर्धाच टेकतो, क्रूसाची खूण इतक्या घाईत करतो की माशी हाकलतोय असं वाटावं. पाच सेकंद थांबतो आणि पुन्हा मैदानावर पळतो. त्या पाच सेकंदांची नोंद कुठल्याही हजेरीपटात होत नाही.

आमचा मुलगा कॅथलिक नाही. त्यालाही हे सगळं करावं लागेल का?

बहुतेक शाळांमध्ये हजर राहावं लागतं, श्रद्धा ठेवावी लागत नाही. सणाच्या मिस्सेला तो वर्गाबरोबर बसेल आणि शांत राहील, एवढीच अपेक्षा. गुडघे टेकणं, क्रूसाची खूण करणं, प्रार्थना म्हणणं यातलं काहीही त्याच्यावर बंधनकारक नाही. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत तो जाणार नाही. यात त्याला कमी लेखण्याचा भाग नाही. तो प्रसाद ‘हे ख्रिस्ताचं शरीर आहे’ या विश्वासाला ‘आमेन’ म्हणून घ्यायचा असतो, आणि जे मनात नाही ते त्याच्या तोंडून वदवून घेणं बरं नव्हे.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावर स्वतंत्र जाहीरनामा काढला आणि श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही जबरदस्ती होता कामा नये असं स्पष्ट म्हटलं. त्याच वर्षी इतर धर्मांविषयीच्या निवेदनात, त्या धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असंही सांगितलं. जाता जाता सांगतो, धर्मशिक्षणाच्या तासाला सगळ्यात टोकदार प्रश्न हीच मुलं विचारतात. कॅथलिक मुलांना उत्तरं लहानपणापासून पाठ असतात, त्यामुळे प्रश्नच पडत नाहीत.

मी कन्फेशनमध्ये सांगितलेलं प्रिन्सिपल फादरांना कळेल का?

नाही. कन्फेशनमध्ये, म्हणजे पापं कबूल करण्याच्या प्रायश्चित्त संस्कारात, ऐकलेलं धर्मगुरूने कुठल्याही कारणाने, शब्दाने किंवा खुणेनेही उघड करायचं नाही, असा चर्चचा कायदा आहे. जाणूनबुजून थेट फोडलं तर धर्मगुरू तत्क्षणी बहिष्कृत होतो. एवढंच नव्हे, ऐकलेल्या माहितीचा वापर शाळा चालवताना करायलाही बंदी आहे. खिडकीची काच तू फोडलीस हे फादरांना तिथे कळलं, तरी त्यावरून ते तुझं नाव यादीत घालू शकत नाहीत.

मात्र हे बंधन धर्मगुरूवर आहे, तुझ्यावर नाही. तिथे काय बोलणं झालं ते तू कुणालाही सांगू शकतोस. हे लक्षात ठेव, पुढे एका प्रश्नात त्याचा संबंध येणार आहे.

पाचारण म्हणजे काय? फादर होणं म्हणजेच पाचारण ना?

शब्दाचा अर्थ बोलावणं. आपल्याकडे तो इतका आखडला आहे की ‘त्याला पाचारण आहे’ म्हटलं की ऐकणारा थेट सेमिनरीवर, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयावरच जातो. पण चर्चची शिकवण याहून रुंद आहे. व्हॅटिकन परिषदेच्याच १९६४ च्या एका दस्तऐवजात एक संपूर्ण प्रकरण याच मुद्द्याला दिलं आहे की पवित्र जीवनासाठी बोलावणं सगळ्यांनाच आहे. लग्न हेही पाचारण आहे. एकट्याने राहून इतरांसाठी झटणं हेही असू शकतं. धर्मगुरूपद आणि व्रतस्थ जीवन हे त्यातले दोन मार्ग.

फादर आणि ब्रदर यांच्यात फरक काय? ब्रदर म्हणजे फादर होता होता राहिलेला का?

हा गैरसमज इतका घट्ट आहे की कित्येक ब्रदर तो ऐकून ऐकून हसायला शिकले आहेत.

फादर म्हणजे ज्याला गुरुदीक्षा मिळाली आहे. तो मिस्सा अर्पण करतो, पापक्षमा देतो. ब्रदर म्हणजे व्रतं घेतलेला, पण गुरुदीक्षा न घेतलेला पुरुष. ते पद कनिष्ठ नाही, वेगळं आहे. संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल स्वतः धर्मगुरू होते. पण १७ व्या शतकात फ्रान्समधल्या रेम्स शहरात गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढताना त्यांनी जो शिक्षकांचा संघ उभारला, त्यातल्या कुणीही धर्मगुरू व्हायचं नाही असं ठरवलं. शिक्षकाने पूर्ण वेळ शिक्षकच असावं, हा विचार. १९५० साली पोपनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत ठरवलं. संत मार्सेलिन शाम्पान्या यांनी १८१७ मध्ये सुरू केलेले मारिस्ट ब्रदर्सही शिक्षणासाठीच. येशूसंघीय (जेझुइट) आणि सालेशियन या संघांमध्ये फादरही असतात आणि ब्रदरही.

धर्मगुरूंमध्येही दोन प्रकार आहेत. धर्मप्रांतीय धर्मगुरू बिशपच्या हाताखाली, एका ठरावीक प्रदेशात काम करतो. संघातला धर्मगुरू आपल्या संघाच्या वरिष्ठांच्या सांगण्यावरून जगात कुठेही जाऊ शकतो.

तीन व्रतं कोणती? फादरांना पगार असतो का?

दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. संघातला माणूस शिकवून, लिहून जे कमावतो ते त्याचं नसतं, संघाचं असतं. त्याच्या गरजा संघ भागवतो. धर्मप्रांतीय धर्मगुरू दारिद्र्याचं व्रत घेत नाही. तो ब्रह्मचर्य पाळण्याचं आणि बिशपच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतो. त्याला निर्वाहापुरतं मानधन मिळतं आणि त्याच्या नावावर स्वतःची वस्तू असू शकते. म्हणून एका फादरांकडे स्वतःची मोटरसायकल असते आणि दुसरे फादर गाडीच्या किल्लीसाठी फळ्यावर नाव लिहून वाट बघतात. मुलांच्या हे बरोबर लक्षात येतं.

तिन्हींत अवघड कुठलं, असं विचारलं तर मुलं एका सुरात ब्रह्मचर्य म्हणतात. ज्यांनी हे आयुष्य काढलं आहे त्यांना विचारावं. पुष्कळ जण आज्ञापालन म्हणतात. जीव लावून उभं केलेलं काम एका पत्रावर दुसऱ्याच्या हाती देऊन निघायचं, हे सोपं नाही.

मला बोलावणं आलंय हे ओळखायचं कसं?

बायबलमध्ये शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढ. पोरगा शमुवेल मंदिरात झोपला आहे. हाक येते. त्याला वाटतं, म्हाताऱ्या एलीने बोलावलं, म्हणून तो धावत जातो. एली म्हणतो, मी नाही बोलावलं, जा, झोप. असं तीनदा होतं. तिसऱ्यांदा एलीच्या लक्षात येतं की पोराला देव हाक मारतोय. पाचारणाचा विषय निघाला की ही गोष्ट हमखास सांगितली जाते, पण त्यातल्या दोन गोष्टी सहसा निसटतात. ज्याला हाक आली त्याचा तीन वेळा गैरसमज झाला. आणि ती ओळखली दुसऱ्याने, तीही डोळ्यांनी धड न दिसणाऱ्या म्हाताऱ्याने. स्वतःच्या मनात सगळं लख्ख झाल्यावरच बोलायचं असं ठरवलंस, तर तो दिवस बहुधा येणारच नाही.

दुसरा माणूस इग्नेशियस लोयोला. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. घरी अंथरुणावर पडून त्याने वाचायला शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. त्या घरात नव्हत्या, म्हणून हाती आली ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा. मग तो तासन् तास दोन प्रकारची स्वप्नं रंगवू लागला. कधी एखाद्या सरदारकन्येसाठी पराक्रम गाजवायचे, कधी संतांसारखं अनवाणी जेरुसलेमला जायचं. रंगवताना दोन्ही गोड वाटत. फरक नंतर पडे. पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडं, दुसऱ्यानंतर समाधान बराच वेळ टिकून. एवढ्याशा निरीक्षणातून पुढे आध्यात्मिक साधनेची एक पद्धत उभी राहिली. १५४० मध्ये पोपनी त्याच्या येशूसंघाला मान्यता दिली आणि १५४८ मध्ये सिसिलीत मेसिना इथे त्या संघाचं बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेज सुरू झालं.

तेव्हा विचार आला यापेक्षा तो गेल्यावर मागे काय राहिलं, ते बघ. आणि तो किती टिकतो तेही बघ. रिट्रीटहून परतताना बसमध्ये निम्मा वर्ग फादर व्हायला निघालेला असतो. सोमवारी गणिताच्या तासापर्यंत बहुतेकांचं उतरतं. ज्याचं उतरत नाही, मॅच हरल्यावरही, भांडण झाल्यावरही, मिस्सेचा कंटाळा आलेल्या महिन्यातही ज्याच्या मनात ते परत परत येतं, त्याने कुणाशी तरी बोलावं. इग्नेशियसचाच एक नियम इथे उपयोगी पडतो : मन उदास, अंधारलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही.

मी अभ्यासात कच्चा आहे.

जॉन व्हियानी यांना लॅटिन काही केल्या येत नव्हतं. सेमिनरीने परत पाठवलं होतं. एका ओळखीच्या धर्मगुरूने पदराला खार लावून शिकवलं, रदबदली केली, तेव्हा १८१५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे आर्स या खेडेगावात लोक दूरदुरून त्यांच्याकडे कन्फेशनला येत आणि ते दिवसाचे बारा-बारा, सोळा-सोळा तास कन्फेशन ऐकायच्या चौकटीत बसत. आज ते धर्मगुरूंचे आश्रयदाते आहेत.

कॅनडातले ब्रदर आंद्रे बेसेत यांचं तर शिक्षण जवळजवळ झालंच नव्हतं. प्रकृती इतकी तोळामासा की संघ त्यांना घ्यायला कचरत होता. शेवटी घेतलं आणि मॉन्ट्रियलमधल्या मुलांच्या कॉलेजात दारावर बसवलं. सुमारे चाळीस वर्षं ते दार उघडत राहिले, निरोप पोचवत राहिले, आजारी माणसांचं ऐकत राहिले. २०१० मध्ये त्यांना संत म्हणून जाहीर केलं.

तरीही याचा अर्थ अभ्यास सोडून द्यावा असा नाही. धर्मगुरू व्हायचं तर तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षं पुस्तकांत काढावी लागतात.

मला मुली आवडतात. म्हणजे विषय संपला ना?

नाही. आकर्षण नसणं ही ब्रह्मचर्याची अट नाही. अट ही आहे की तू ते मोकळ्या मनाने, समजून उमजून स्वीकारशील. उलट बाजूही सांगतो : सेमिनरी हे प्रेमभंगावरचं औषध नव्हे. कुणी नाही म्हटलं म्हणून फादर व्हायला निघालेल्या मुलाला तिथले अनुभवी लोक दोन प्रश्नांत ओळखतात आणि घरी पाठवतात.

किती वर्षं लागतात? आणि मध्येच नको वाटलं तर?

मुलं हे विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एक दार असतं, आत गेलं की बंद होणारं. प्रत्यक्षात तो लांबलचक जिना आहे, आणि प्रत्येक मजल्यावर बाहेर पडायची सोय आहे.

चर्चच्या १९८३ च्या कायद्यानुसार सतरा वर्षं पूर्ण होण्याआधी कुणालाही नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे संघातल्या उमेदवारीच्या काळात, घेता येत नाही. नोव्हिशिएट किमान बारा महिन्यांचं, आणि त्या काळात नोव्हिसने निघून जायचं म्हटलं तर त्याला अडवता येत नाही. त्यानंतर ठरावीक मुदतीची व्रतं, त्यासाठी वय किमान अठरा. ही मुदतीची व्रतं एकूण तीन वर्षांपेक्षा कमी असता कामा नयेत. अखेरची, म्हणजे कायमची व्रतं एकविसाव्या वर्षाआधी नाहीत. गुरुदीक्षा पंचवीस पूर्ण झाल्यावर, त्याआधी उपयाजकपद (डीकन, म्हणजे गुरुदीक्षेच्या आधीची पायरी), आणि या दोहोंमध्ये किमान सहा महिने. सेमिनरीत सुरुवातीला पूर्वतयारीचं एखादं वर्ष असतं. म्हणजे आज पंधराव्या वर्षी ‘मला फादर व्हायचंय’ म्हणणारा मुलगा सगळं सुरळीत झालं तरी दहा वर्षांनी वेदीपाशी उभा राहणार. घाई कुणालाच नाही, बिशपना तर मुळीच नाही.

मध्ये सोडलेल्यांना अपयशी म्हणायची काही घरांत रीत आहे. ती वाईट आहे. तपासून बघायला गेलेला मुलगा ‘हे माझं नाही’ असं कळून परत आला, तर ज्यासाठी गेला होता तेच त्याला मिळालं.

आमचा मुलगा सेमिनरीत जायचं म्हणतोय. आमचा एकुलता एक आहे हो. आम्ही काय करायचं?

आधी त्याचं ऐकून घ्या, आणि त्याच दिवशी उत्तर देऊ नका. लगेच ‘नाही’ म्हटलं तर तो हट्टाला पेटेल. लगेच पेढे वाटले तर पुढे मन बदललं तरी लाजेपोटी बोलणार नाही. या दुसऱ्या चुकीबद्दल कुणी बोलत नाही, पण ती जास्त महागात पडते.

घरच्यांचा विरोध हा जुनाच विषय आहे. थॉमस अक्वायनस डोमिनिकन संघात गेले तेव्हा १२४४ मध्ये सख्ख्या भावांनी त्यांना वाटेत पकडून आणलं आणि सुमारे वर्षभर घरच्या गढीत कोंडून ठेवलं. अलोयशियस गोंझागा हा सरदाराचा थोरला मुलगा. वडिलांनी बराच काळ अडवलं. शेवटी १५८५ मध्ये वारसाहक्क धाकट्या भावाला लिहून देऊन तो रोमला गेला. १५९१ मध्ये साथीतल्या रोग्यांची सेवा करता करता तेविसाव्या वर्षी वारला. या कथा मुलं मिटक्या मारत ऐकतात. पण त्या अलोयशियसच्या आईवडिलांच्या जागी बसून वाचल्या, तर वेगळ्या वाटतात. तुमची भीती खोटी नाही, हे मला मान्य आहे.

व्यवहाराचं सांगायचं तर म्हातारपणी कोण बघणार, घरावर कर्ज आहे का, हे प्रश्न त्याच्या समोर, संबंधित फादरांच्या समोर मोकळेपणाने मांडा. ज्याच्या डोक्यावर न फिटणारं कर्ज आहे त्याला नोव्हिशिएटमध्ये घेऊ नये, असा नियमच आहे. म्हणजे चर्चही हे प्रश्न हलके मानत नाही.

शाळा मुलांना सेमिनरीकडे ओढते का?

ओढू नये, आणि ओढत असेल तर तक्रार करा. आयुष्याचा मार्ग निवडताना प्रत्येक श्रद्धावंताला सक्तीपासून मोकळं असण्याचा हक्क आहे, हे चर्चच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. दडपण किंवा मोठी भीती घालून कुणाला नोव्हिशिएटमध्ये आणलं असेल तर तो प्रवेशच अवैध ठरतो. सेमिनरीत तर आणखी एक नाजूक काळजी घेतलेली आहे. कुणाला दीक्षा द्यायची, कुणाला घरी पाठवायचं हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचं किंवा कन्फेशन ऐकणाऱ्याचं मत कधीही विचारायचं नाही. मुलाने मनातलं बोलावं आणि तेच त्याच्या विरोधात वापरलं जावं, असं होऊ नये म्हणून.

पाचारणासाठी प्रार्थना मात्र होणार. पोप सहावे पॉल यांनी १९६४ पासून पाचारणासाठी जागतिक प्रार्थनादिन सुरू केला. तो पुनरुत्थानकाळातल्या चौथ्या रविवारी, उत्तम मेंढपाळाच्या रविवारी असतो. त्या सुमारास एखादे फादर किंवा ब्रदर वर्गात येऊन स्वतःची गोष्ट सांगतील. त्यांनी कंटाळ्याबद्दल, एकटेपणाबद्दलही सांगितलं तर समजावं की माणूस भरवशाचा आहे. नुसते हसरे फोटो दाखवणाऱ्यापासून मी तरी चार हात लांब राहतो.

आम्ही बातम्या वाचतो. मुलाला फादरांकडे एकट्याने पाठवायची भीती वाटते. असं विचारलं तर राग येईल का?

राग आला तर तो शाळेचा दोष. मुलांवर धर्मगुरूंकडून अत्याचार झाले आणि ते वर्षानुवर्षं झाकले गेले, ही घडलेली गोष्ट आहे. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या धर्मगुरूंवर आणि व्रतस्थांवर असा प्रकार कळताच वरिष्ठांना कळवण्याचं बंधन घातलं आणि प्रत्येक धर्मप्रांतात तक्रारीची सोय असली पाहिजे असं ठरवलं. त्याच वर्षी अशा प्रकरणांवरचं ‘पोपचं गुपित’ (चर्चमधल्या गोपनीयतेचा नियम) हे कवचही काढून टाकलं. पोलिसांकडे जाण्याचा तुमचा हक्क या सगळ्याच्या आधीचा आणि वरचा आहे.

शाळेला थेट विचारा : मार्गदर्शनाची खोली कुठे आहे? दाराला काच आहे का? रिट्रीटला रात्री मुलांबरोबर किती मोठी माणसं असतात? मुलाशी खासगी मेसेजवर बोलायची मुभा आहे का? उत्तर देताना कुणी अडखळलं, तर आणखी विचारा.

आणि मुला, तुला : मोठ्या माणसाने ‘हे आपल्या दोघांतच ठेव’ म्हटलं, तर ते त्याच दिवशी घरी सांग. ते कन्फेशनच्या चौकटीत म्हटलं असलं तरीही. गुपिताचं बंधन त्याच्यावर आहे, तुझ्यावर नाही.

देव आहे की नाही याचीच मला शंका आहे. धर्मशिक्षणाच्या तासाला बोलू का?

बोल. आवाज मात्र थट्टेचा नको, तेवढं पुरे.

लग्न झालेला माणूस फादर होऊ शकतो का?

लॅटिन, म्हणजे पाश्चात्त्य कॅथलिक परंपरेत सहसा नाही. पण रोमशी एकनिष्ठ असलेल्या अनेक पौर्वात्य कॅथलिक चर्चमध्ये विवाहित पुरुषांना गुरुदीक्षा देण्याची जुनी परंपरा आहे. आणि लॅटिन परंपरेतही विवाहित पुरुष पस्तिशीनंतर, पत्नीच्या संमतीने, कायमचा उपयाजक होऊ शकतो. पत्नीची संमती ही कायद्यातली अट आहे, हे ऐकून आमच्या घरी बराच हशा झाला होता.

समजा, मला खरंच थोडं वाटतंय. या आठवड्यात काय करू?

कुणाला जाहीर सांगू नकोस. मित्रांना तर नाहीच, ते तुला उद्यापासून ‘फादर’ म्हणतील आणि मग विचार बदलायचीही चोरी. एक वही घे. रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटं दिवस मागून पुढे आठव : कुठे मन हलकं झालं, कुठे कोरडं पडलं. दोन ओळी लिही, प्रार्थना लिहायची गरज नाही. आठवड्यातून एकदा, नेमून दिलेल्या मिस्सेव्यतिरिक्त, स्वतःहून चॅपलमध्ये जा. आजारी माणसाकडे, म्हाताऱ्याकडे, अभ्यासात मागे पडलेल्या एखाद्या लहान मुलाकडे नियमित वेळ दे, कारण धर्मगुरूचा बहुतेक दिवस यातच जातो आणि तो तुला आवडतो का ते आधी कळलेलं बरं.

तीन आठवड्यांनी वही घेऊन मार्गदर्शक फादरांकडे, ब्रदरांकडे किंवा माझ्याकडे ये. वही दाखवायची सक्ती नाही. नाही आलास तर कुणी बोलवायला येणार नाही. मधल्या सुट्टीत चॅपलचं दार मात्र उघडं असेल.